पट आणि पडदा

आमच्या रावेरात या खेळाला तीन नावे आहेत. घरात शतरंज, शाळेत बुद्धिबळ आणि मोबाईलवर चेस. अम्मीच्या तोंडी शतरंज हा शब्द यायचा तो बहुधा तक्रारीतच यायचा. शाळेच्या फळ्यावर 'बुद्धिबळ' लिहिले की मात्र त्याच खेळाला प्रतिष्ठा येते. त्याच्यामागे तालुकास्तरीय, जिल्हास्तरीय अशी बिरुदे लागतात. आणि माझी सातवीतली भाची या दोन्ही शब्दांच्या वाटेला जात नाही. ती म्हणते, "मामू, एक चेस हो जाए?"

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकवले. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत शनिवारी-रविवारी सात-आठ मुले खेळायला येतात. फी नाही, पाटी नाही. त्यांत मोहल्ल्यातली आहेत, बाजारपेठेतली आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून बसने येणारा एक तडवी मुलगाही आहे. त्यांचे पालक मला रस्त्यात गाठून एकच प्रश्न विचारतात, "सर, पोराच्या मोबाईलात कोणते ॲप टाकू?" केळीला कोणते खत टाकू, असे विचारावे त्याच सुरात. त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. ते माझ्याजवळ नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

याची सुरुवात अब्बांपासून करावी लागेल. अब्बा केळी भरण्याच्या कामावर मुकादम होते. त्या काळी रावेर, सावदा या स्टेशनांवरून केळी रेल्वेच्या वॅगनमधून उत्तरेकडे जायची. वॅगन लागायला उशीर झाला की धक्क्यावर कापडी पट अंथरला जायचा. त्यांचा खेळ पुस्तकातला नव्हता, देशी होता. प्यादे पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकायचे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला तोवर शह बसला नसेल तर साऱ्या डावात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकायचा. प्यादे शेवटच्या घरात पोचले की मनाला येईल ते मोहरे मिळत नसे; ज्या उभ्या ओळीत पोचले त्या ओळीचे मिळे. आणि सर्वांत मानाची मात म्हणजे प्याद्याने दिलेली.

कोणाला हा अडाणी खेळ वाटला तर त्याने मीर सुलतान खान यांचे नाव आठवावे. पंजाबातले हे खेळाडू देशी शतरंजच शिकून १९२९ साली इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी तिथले ब्रिटिश विजेतेपद जिंकून मोकळे झाले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही जिंकले. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ साली, त्यांच्या निधनानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

धक्क्यावर एक नियम फार कडक होता. डाव चालू असताना बघ्याने तोंड उघडायचे नाही. बोटाने दाखवायचे नाही, खाकरायचेसुद्धा नाही. डाव संपला की मात्र बघ्यांचा डाव सुरू व्हायचा. "इथे उंट का नाही घेतलास?" "घेतला असता तर घोडा कुठे जात होता ते सांग." सोंगट्या मागे नेल्या जायच्या, पुन्हा पुढे आणल्या जायच्या. खरे काय हे सांगणारा कोणी नव्हता, म्हणून वाद रंगायचा. आणि त्या वादातच मी शिकलो. पुढच्या वीस-बावीस वर्षांत बुद्धिबळाची जेवढी सॉफ्टवेअर हाताखालून गेली, ती सगळी मी याच दोन मापांनी मोजत आलो. डाव चालू असताना हे गप्प बसते का? आणि डाव संपल्यावर हे मला वाद घालू देते का?

२००४ साली जळगावहून एक जुना संगणक घेतला. त्या दिवसांत रावेरात भारनियमन असे. वीज कधी येते आणि कधी जाते यावर डावाची लांबी ठरायची. पहिल्यांदा मिळाला तो विनबोर्ड. टिम मान यांनी तयार केलेला हा पडदा अगदी साधा, जवळजवळ उघडाबोडका. एक पट, वर दोन घड्याळे, बस. तुम्ही चाल करा, तो चाल करतो. कौतुक नाही, टोमणा नाही, सल्ला नाही. पहिल्या मापात तो पैकीच्या पैकी. दुसऱ्या मापात मात्र फारसा उपयोगाचा नाही, कारण विश्लेषण म्हणून तो आकड्यांची आणि चालींची एक ओळ पुढे टाकायचा. मला ती वाचता येई, मुलांना नाही.

मग एका मित्राने फ्रिट्झची सीडी आणली. हॅम्बुर्गच्या चेसबेस या कंपनीचे हे सॉफ्टवेअर त्या काळी नावाजलेले. पहिल्यांदा उघडले तेव्हा एखाद्या बंगल्यात शिरल्यासारखे वाटले. लाकडी पट, चकचकीत सोंगट्या, हवा तर सर्व बाजूंनी फिरवता येणारा त्रिमिती पट, बाजूला चालींची यादी, खाली इंजिनाची खिडकी. त्यात एक सोय मला फार आवडे. तिचे नाव मित्र-पद्धत. तुमची ताकद पाहून फ्रिट्झ आपली ताकद उतरवायचा, म्हणजे डाव अटीतटीचा व्हावा. दुसरी सोय प्रशिक्षकाची. तुम्ही मोठी चूक केली की तो लगेच थांबवायचा, 'पुन्हा विचार करा' म्हणायचा. कोण काय मारायच्या बेतात आहे तेही विचारले तर दाखवायचा. शिवाय सारा डाव रात्रभर तपासून त्यावर वाक्यांत टिपणे लिहून ठेवायचा, अर्थात रात्रभर वीज टिकली तर. आणि तो बोलायचा! डाव चालू असताना स्पीकरमधून शेरे मारायचा. एके दिवशी अम्मी माजघरातून म्हणाल्या, "अंदर कौन मेहमान आया है?" त्या दिवसापासून स्पीकर बंद केला. अब्बांच्या धक्क्यावर या पाहुण्याला कोणी बसू दिले नसते.

चेसमास्टर हे दुसरे टोक. त्यात माणसे होती. अगदी नवशिक्यापासून उस्तादापर्यंत वेगवेगळ्या स्वभावाचे प्रतिस्पर्धी, प्रत्येकाचे चित्र, प्रत्येकाची खेळण्याची तऱ्हा. जॉश वेट्झकिन या अमेरिकन खेळाडूने त्यात धडे दिले होते आणि ते धडे मला आजही चांगले वाटतात, कारण तो आपल्याच डावांत काय वाटले, कुठे घाबरलो, हे सांगतो. अडचण उच्चारांची. आमच्या मुलांना ते इंग्रजी कळायचे नाही. ती चित्रे पाहायची, सगळ्यात सोपा प्रतिस्पर्धी निवडायची आणि त्याला दहा वेळा हरवून खूश व्हायची.

अरेना हे मार्टिन ब्लूम यांचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. ते उघडले की आमच्या सबस्टेशनची आठवण यायची. जिकडे तिकडे खिडक्या, बटणे, सरकणारे आकडे. मुले दुरूनच पाहायची. पण माझ्यातल्या गणिताच्या शिक्षकाला अरेनाने एक गोष्ट शिकवली, आणि ती कळल्याशिवाय पालकांच्या प्रश्नाचे उत्तरच देता येत नाही. ती म्हणजे इंजिन वेगळे आणि पडदा वेगळा.

केळीची ट्रक भरताना आपण पाहतो. इंजिन बॉनेटखाली असते. ड्रायव्हरला दिसते ती केबिन, स्टिअरिंग, काटे. बुद्धिबळातही तसेच आहे. इंजिनाला चेहराच नसतो. ते अंधाऱ्या खोलीत बसलेल्या मुनीमासारखे आहे. पडदा त्याला चिठ्ठी पाठवतो: स्थिती अशी आहे, विचार कर. ते उलट चिठ्ठी पाठवते: इतका खोल विचार केला, आकडा इतका, सर्वांत चांगली चाल ही. या चिठ्ठ्यांची भाषा २००० साली स्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हुबर यांनी ठरवून दिली आणि तेव्हापासून कोणतेही इंजिन कोणत्याही केबिनीत बसवता येऊ लागले. पट्टी, रंग, बाण, टक्के, शाबासकी, लाल खुणा, यांतले काहीही इंजिन देत नाही. ते सारे केबिनीचे काम आहे.

म्हणून 'कोणते ॲप जास्त ताकदवान' हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. २००६ साली बॉनमध्ये क्राम्निक हा त्या वेळचा जगज्जेता डीप फ्रिट्झकडून २-४ असा हरला. एका डावात तर एका चालीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. यंत्र माणसाला हरवते की नाही हा वाद तिथेच संपला. त्यानंतर २००८ साली स्टॉकफिश आले. ते फुकट आहे, त्याचा आतला मजकूर सर्वांना खुला आहे आणि आज ते जगातल्या सर्वांत बलाढ्य इंजिनांपैकी एक आहे. लीचेसच्या विश्लेषणात तेच, चेस डॉट कॉमच्या विश्लेषणातही ते मिळते, आणि इंटरनेट नसतानाही चालणाऱ्या ड्रॉइडफिश या साध्या ॲपमध्येही तेच. रावेरच्या मुलाच्या स्वस्त मोबाईलात बसलेले इंजिन जगज्जेत्याला हरवू शकते. तेव्हा तुलना करायची ती केबिनींची.

माझी भाची कुठे खेळते? रावेरात बुद्धिबळाचा क्लब नाही. जळगावला जैन उद्योगसमूहाची अकादमी आहे, तिथे स्पर्धा होतात, पण ते रोजचे अंतर नव्हे. मुलगे निदान चौकात, शाळेच्या ओट्यावर बसून खेळतात. मुलीला संध्याकाळनंतर कुठे बसता येते? तिच्यासाठी मोबाईलचा पडदा हाच क्लब. तिथे तिला ब्राझीलचा कोणी भेटतो, केरळचा कोणी भेटतो. समोरच्याला ती मुलगी आहे की आजोबा, रावेरची की रोमची, काही कळत नाही. लीचेसवर लहान मुलांसाठी एक खास सोय आहे. ती चालू केली की गप्पांची खिडकीच नाहीशी होते. माझ्या बहिणीने ही एक गोष्ट पाहिली आणि परवानगी दिली. म्हणजे एका बटणावर एका मुलीचे खेळणे ठरले. पडद्याची रचना ही किरकोळ बाब नाही, हे मला तेव्हाच लक्षात आले.

मागच्या वर्षी शाळांच्या तालुका स्पर्धेत ती एका मोठ्या मुलाविरुद्ध जिंकली. तिने घोड्याचा बळी दिला, राजा उघडा पाडला आणि मात केली. घरी बिर्याणी झाली. रात्री तिने तो डाव एका लोकप्रिय संकेतस्थळावर चाल-चाल भरला आणि 'तपासा' हे बटण दाबले. अर्ध्या मिनिटात निकाल आला. अचूकता ६१ टक्के. चार घोडचुका, लाल रंगात. त्यांतली सर्वांत मोठी घोडचूक म्हणजे तो घोड्याचा बळी.

पुढचे तीन शनिवार ती आली नाही. बहीण म्हणाली, "जाने दे भाई, अब पढ़ाई करेगी." नातेवाइकांपैकी काहींना हेच हवे होते. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामू, मैं जीती नहीं थी. वो हारा था."

बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. मग लाकडी पट काढला. मोबाईल बाजूच्या खोलीत ठेवायला सांगितला. म्हटले, घोडा दिलास तिथपर्यंत डाव मांड. तिने मांडला. आता मी तो मुलगा, तू तूच. मी इंजिनाचे उत्तर आधी पाहून ठेवले होते. त्या बळीचे खंडन होते, नक्की होते. पण त्यासाठी काळ्याला सात चाली लागत होत्या, त्यांतल्या तीन अगदी शांत, राजा मागे सरकवण्याच्या, ज्या शाळेतला मुलगा घाबरलेला असताना कधीच खेळणार नाही. मी तिला विचारले, "घोडा देताना तुला काय दिसले होते?" तिने तीन वेगवेगळ्या माता दाखवल्या. तिन्ही खऱ्या होत्या. त्यातली एक मला दिसली नव्हती.

इंजिन खोटे बोलले नव्हते. त्याने दोन इंजिनांमधला न्याय सांगितला होता. दोन मुलांमधला डाव त्याच्यापुढे नव्हताच. पण 'घोडचूक' हा शब्द आणि तो लाल रंग इंजिनाचा नव्हता. तो केबिनीचा होता. आकड्याचा अर्थही लोक गृहीत धरतात तसा नाही. पूर्वी अधिक एक म्हणजे एका प्याद्याइतकी सरशी असे समजत. स्टॉकफिशने २०२२ च्या डिसेंबरपासून आपले माप बदलले; त्याच्या अधिक एकचा अर्थ आता असा की, दोन सारख्या इंजिनांनी तिथून खेळले तर वरचढ बाजूने जिंकण्याची शक्यता निम्मी. आणि टक्क्यांतली अचूकता? लीचेसवर ती प्रत्येक चालीनंतर जिंकण्याची शक्यता किती घसरली यावरून काढतात. दोन खेळाडूंनी पटापट सोंगट्या मारून नीरस बरोबरी केली तर दोघांनाही नव्वदच्या वर मिळतात. वादळी डाव खेळून जिंकलेल्याला साठ. आपल्याकडे मुलांना टक्का म्हटले की दहावीची गुणपत्रिका आठवते. मी गणिताचा शिक्षक असूनही सांगतो, बारा वर्षांच्या मुलीला डावाखाली टक्का दाखवू नये.

आता दोन्ही मोठ्या केबिनींबद्दल थोडे सरळ बोलतो. चेस डॉट कॉम २००७ पासून आहे आणि शोभिवंत आहे. डाव संपला की त्याचा प्रशिक्षक वाक्यांत बोलतो, प्रत्येक चालीला खूण देतो; उत्तम, पुस्तकी, चूक, घोडचूक, आणि क्वचित दोन उद्गारचिन्हांची ती निळसर-हिरवी खूण, जी मिळाली की मुले अख्ख्या मोहल्ल्याला दाखवत फिरतात. नवशिक्याला गोडी लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मान्य करायला हवे. पण फुकट खेळणाऱ्याला हे सविस्तर परीक्षण मोजकेच मिळते, बाकीचे पैसे भरणाऱ्यासाठी. लीचेस २०१० साली थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केले. ते देणग्यांवर चालते, जाहिरात नाही, आणि आत जे आहे ते सर्वांना सारखे. दिसायला साधे, थोडे रूक्षच. त्याचे विश्लेषण वाक्यांत फार बोलत नाही. मुलांना सुरुवातीला ते कंटाळवाणे वाटते.

मला मात्र त्याच्या रूक्षपणातच अब्बांचा धक्का सापडला. खेळताना 'झेड' ही कळ दाबली की नावे, गुणांकन, सारे लपते. उरतो पट आणि घड्याळ. गुणांकन कायमचे लपवण्याचीही सोय आहे. डावानंतर इंजिनाचे बटण आपण लावू तरच लागते. 'चुकांतून शिका' हे बटण दाबले तर ते चूक झाली त्याच्या आधीच्या चालीवर नेऊन उभे करते आणि विचारते, इथे याहून चांगले काय? उत्तर लगेच सांगत नाही. शिक्षकासाठी तर त्यातला अभ्यास-विभाग मोलाचा आहे. मी डाव भरून ठेवतो आणि 'पुढच्या चाली लपवा' असे ठरवून देतो. इंजिन कोणाला वापरता येईल हेही मीच ठरवतो. आमच्या वर्गात शनिवारी कोणालाच नाही, रविवारी सर्वांना. 'एक्स' ही कळ दाबली की समोरचा काय करायच्या बेतात आहे ते बाणाने दिसते, ती मी सर्वांत आधी शिकवतो. खान्देशातल्या मुलांची मोठी खोड हीच की ती आपलीच चाल पाहतात. खान्देशातल्या मोठ्या माणसांबद्दल बोलत नाही.

पण लीचेस असो की दुसरे कोणते, उभी पट्टी सगळीकडे आहे. पटाच्या बाजूला एक पांढरी-काळी पट्टी, कोण वरचढ आहे ते थर्मामीटरसारखे दाखवणारी. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा डाव चालू होता. आमच्या खोलीत मुले दाटीवाटीने बसून एका मोबाईलवर पाहत होती. डिंगने पंचावन्नाव्या चालीला हत्ती दुसऱ्या रांगेत आणला आणि पट्टी धाडकन गुकेशच्या बाजूने पडली. मुले ओरडली. दहा वर्षांचा पोरगा ओरडला, ज्याला हत्तीची मारामारी झाल्यावर उंटही मारले जातात आणि मग उरलेला प्याद्यांचा डाव हरलेला असतो हे काहीच दिसले नव्हते. आणि तिकडे गुकेशला ते कळायला काही क्षण लागले. तो दुसरीच चाल करण्याच्या बेतात होता, असे त्यानेच नंतर सांगितले. मग त्याला दिसले. अठराव्या वर्षी जगज्जेता होणाऱ्या मुलाच्या आधी आमच्या रावेरच्या पोराला कळले! पण गुकेशला जे कळले ते त्याचे होते. आमच्या पोराला कळली ती फक्त पट्टी. त्या रात्री सगळ्यांनी पाणी पिऊन झाल्यावर मी पट्टी झाकली आणि तीच स्थिती लाकडी पटावर मांडली. "आता सांगा, का?" उत्तर यायला पाऊण तास लागला. ते त्या तडवी मुलाने दिले.

मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मला दर दोन महिन्यांनी विचारतात, "मास्टर, शतरंज जायज है क्या?" फिकहच्या ग्रंथांत यावर मतभेद आहेत. हनफी उलेमांनी तो नापसंत केला, इमाम शाफईंचे मत त्यामानाने सौम्य. सूट देणाऱ्यांनी अटी घातल्या त्या अशा: पैज नको, नमाज चुकू नये, तोंडात शिवी नको. मी त्यांना म्हणतो, चाचा, तुमची हरकत लाकडी पटावर आहे, पण तुमच्या नातवाच्या हातात जे आहे ते पाहा. धक्क्यावरचा डाव वॅगन लागली की संपायचा. मोबाईलवरचा डाव संपतच नाही. तीन मिनिटांचा डाव हरला की तिथेच, अंगठ्याखाली, 'नवा डाव' हे बटण तयार. दोन सेकंदांत नवा प्रतिस्पर्धी. असर निघून जाते, मगरिबची अजान होते, पोरगा तिथेच. जुन्या लोकांनी ज्या गफलतीची भीती घातली होती ती त्या बटणात बसली आहे, आणि ते बटण सगळ्याच केबिनींत आहे. याबाबतीत मला कोणी कोणापेक्षा बरा दिसला नाही. आमच्या वर्गाचा नियम एवढाच की पंधरा मिनिटे अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद, याहून जलद डाव नाही, आणि एका दिवशी दोनच. चाचांना हे पटले. त्यानंतर त्यांनी विचारले, "वो अडीच घर वाली छलाँग इसमें है क्या?"

नाही. तीच माझी एक जुनी इच्छा आहे. अब्बांचे तीन डाव मला तोंडपाठ आहेत. ते कुठेतरी नीट नोंदवून ठेवावेत म्हणून मी एकेक पडदा उघडून पाहिला. लीचेसवर आठ वेगळ्या तऱ्हेचे खेळ आहेत. अणुस्फोटाचा आहे, सोंगट्या परत पटावर टाकण्याचा आहे, राजे शर्यत लावतात तोही आहे. देशी नाही. राजाला घोड्याची उडी मारायला लावली की पडदा त्याला मुकाट परत जागेवर आणून ठेवतो. विनबोर्डला जुने अरबी शतरंज येते, त्यातही ही उडी नाही. फेअरी-स्टॉकफिश म्हणून एक इंजिन आहे, त्यात आपले नियम लिहून नवा खेळ घडवता येतो. तडवी मुलाचा मोठा भाऊ भुसावळला संगणक शिकतो, त्याला मी नियम कागदावर लिहून दिले आहेत. पाहू.

भाषेचे म्हणाल तर लीचेसचा पडदा मराठीत करता येतो. उर्दूतही येतो. आमच्या वर्गात यावरून एकदा मतदान झाले. इंग्रजीला पाच, मराठीला दोन, उर्दूला एक. मराठीला मत देणारा एक मी होतो.

भाची आता दर शनिवारी येते. तिच्याजवळ शंभर पानांची एक वही आहे. डाव झाला की आधी वहीत लिहायचे: कुठे भीती वाटली, कुठे दोन चालींत निवड करता आली नाही, समोरच्याने काय केले असते तर मी हरले असते. देवनागरीत लिहिते, पण भाषा घरचीच. मग एक दिवस जाऊ द्यायचा. मग इंजिन.

गेल्या महिन्यात जळगावच्या एका स्पर्धेत ती शेवटच्या फेरीत वेळ संपून हरली. परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत बोलली नाही. सावदा गेल्यावर तिने वही काढली आणि रावेर येईपर्यंत पाच जागा लिहून झाल्या. दुसऱ्या दिवशी इंजिन लावले. पाचपैकी दोन ठिकाणी त्याचे आणि तिचे जमले. दोन ठिकाणी तिने त्याचे ऐकले. पाचव्या ठिकाणी ते म्हणते वजीर मागे घ्यायला हवा होता, ती म्हणते नाही. दोन आठवडे झाले, अजून पट तसाच मांडलेला आहे आणि खोली झाडणाऱ्या बाईला त्याला हात लावायची मनाई आहे.